न्यायाधीशाचा आदेश आणि सरकारी वकिलाचा शब्द

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने न्यायालयाचा आदेश सरळ धुडकावला तर पुढे काय होते, तो आदेश अमलात कोण आणते, आणि तिथले कायद्याचे राज्य खरोखर धोक्यात आहे की हा नुसता बातम्यांचा गलका आहे?

मी अमेरिकेतल्या फेडरल (केंद्रीय) न्यायालयांत बरीच वर्षे इमिग्रेशनचे खटले चालवते. म्हणजे माझ्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात समोरचा पक्ष अमेरिकेचे सरकारच असतो. त्यामुळे हे उत्तर राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचे नाही, कोर्टात उभे राहणाऱ्या वकिलाचे आहे. त्यात माझी मते येणारच, ती मते म्हणूनच वाचा.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एक प्रसंग असतो. न्यायाधीश आदेश देतात आणि राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर येऊन सांगतात, "मी मानत नाही." असे सहसा घडत नाही. प्रत्यक्षात आदेशातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ आक्रसून घेतला जातो. माहिती मागितली की ती गोपनीय असल्याचे सांगतात. मुदतवाढ मागतात, अपील करतात, आणि तेवढ्यात माणूस दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात पोचलेला असतो. न्यायालयाच्या कागदांत 'नाही' हा शब्द कुठेच सापडत नाही. धोका खराच आहे, फक्त तो टीव्हीवर दिसेल असा नाही.

आधी इतिहासातली एक गोष्ट बाजूला काढू, कारण ती दर चर्चेत येते. १८३२ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या एका निकालावर राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन म्हणाले म्हणे, "मार्शल यांनी निकाल दिलाय ना, मग आता त्यांनीच तो अमलात आणावा." असे ते म्हणाल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, आणि त्या खटल्यातला हुकूम मुळात राष्ट्राध्यक्षाला नव्हता, जॉर्जिया राज्याला होता. खरे उदाहरण लिंकन यांचे आहे. १८६१ मध्ये सरन्यायाधीश टॅनी यांनी लिहून दिले की हेबियस कॉर्पस (कैद कायदेशीर आहे का, हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा हक्क) स्थगित करण्याचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षाला नाही. लष्कराने तरीही कैद्याला हजर केले नाही. पण तेव्हा यादवी युद्ध पेटलेले होते, आणि १८६३ मध्ये काँग्रेसने कायदा करून लिंकन यांना तो अधिकार दिला. त्यानंतरची मोठी उदाहरणे आज्ञापालनाची आहेत. १९५२ मध्ये कोरियाचे युद्ध चालू असताना ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले होते; सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते बेकायदा ठरवले आणि ट्रुमन यांनी चरफडत का होईना, कारखाने परत केले. २४ जुलै १९७४ रोजी निक्सन यांच्या विरोधात ८-० असा निकाल लागला. वॉटरगेट प्रकरणातल्या संभाषणांच्या टेप द्याव्या लागल्या आणि ९ ऑगस्टला पद गेले.

आता यंत्रणा कशी आहे ते बघू. ती समजली की बाकीचे आपोआप कळते.

अमेरिकेत ९४ फेडरल जिल्हे आहेत. सरकारविरुद्धचा बहुतेक प्रत्येक खटला तिथल्या जिल्हा न्यायालयात, एका न्यायाधीशासमोर सुरू होतो. तो न्यायाधीश तात्पुरता मनाई हुकूम देऊ शकतो आणि तो लगेच लागू होतो. पण त्याच्या हाताखाली पोलीस नाहीत. न्यायपालिकेकडे ना तलवार आहे ना तिजोरी, हे घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या हॅमिल्टनने १७८८ मध्येच लिहून ठेवले आहे. न्यायालयाचे हुकूम बजावायचे काम यू. एस. मार्शल करतात आणि तसे कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. पण मार्शल सेवा न्याय खात्याच्या अखत्यारीत येते, तिचा संचालक राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि वरचा साहेब म्हणजे ॲटर्नी जनरल. म्हणजे ज्या सरकारविरुद्ध हुकूम बजावायचा, त्याच सरकारचे नोकर तो बजावणार.

उरतो अवमानाचा खटला. त्याचे दोन प्रकार आहेत. फौजदारी अवमानात शिक्षा होते, पण तो खटला चालवायचा न्याय खात्याने. खाते नाही म्हणाले तर न्यायाधीश खासगी वकील नेमू शकतो, ही सोय नियमांत आहे. मात्र शिक्षा झाली तरी राष्ट्राध्यक्ष माफी देऊ शकतो. हे कल्पनेतले नाही. ॲरिझोनातला शेरिफ जो अर्पायो न्यायालयाचा हुकूम मोडल्याबद्दल जुलै २०१७ मध्ये दोषी ठरला आणि ऑगस्टमध्ये त्याला ट्रम्प यांची माफी मिळाली. दुसरा प्रकार दिवाणी अवमानाचा. त्यात हुकूम पाळेपर्यंत दंड चालू राहतो किंवा कोठडी चालू राहते आणि तिथे माफी चालत नाही. माझ्या मते न्यायाधीशांच्या हातात खरे हत्यार हेच आहे, आणि ते म्यानातून बाहेर काढायला ते फार कचरतात. २०१९ मध्ये शिक्षण खात्याला एक लाख डॉलर दंड झाला होता, विद्यार्थ्यांकडून कर्जवसुली थांबवायचा हुकूम मोडला म्हणून. त्याचीसुद्धा मोठी बातमी झाली, इतके हे विरळा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे विचित्र वाटेल. आपल्या राज्यघटनेत कलम १४४ आहे: देशातल्या सर्व मुलकी व न्यायिक प्राधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करायचे. अमेरिकेच्या घटनेत असे वाक्य नाही. शिवाय २००६ मध्ये महाराष्ट्राचे मंत्री स्वरूपसिंह नाईक आणि एक वरिष्ठ सनदी अधिकारी यांना लाकूड कारखान्यांच्या प्रकरणात अवमानाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने महिन्याची कैद सुनावली होती. इथे मी सहकाऱ्यांना ते सांगते तेव्हा त्यांना आधी खरे वाटत नाही. यावरून भारतात सगळे आलबेल आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. फक्त कागदावर कोणती तरतूद कुठे आहे, ते सांगितले.

मग पोलीस नाहीत, तिजोरी नाही, अवमानाचे हत्यार बोथट, आणि तरीही अमेरिकेत न्यायालयांचे हुकूम इतकी वर्षे पाळले कसे गेले? याचे उत्तर बातम्यांत येत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

सरकारच्या बाजूने उभा राहणारा वकील न्याय खात्याचा नोकर असतो. आजवरचा रिवाज असा की तो जे सांगेल ते खरे धरायचे. न्यायाधीश विचारणार, "शुक्रवारच्या सुनावणीआधी या माणसाला देशाबाहेर नेणार आहात का?" सरकारी वकील खात्यात फोन करून येणार आणि सांगणार, "नाही, महोदय." झाले. न्यायाधीश हुकूम काढतही नसत, कारण त्या शब्दानंतर गरजच उरत नसे. हुकुमाशिवाय, केवळ अशा तोंडी हमीवर थांबलेल्या किती हद्दपाऱ्या मी पाहिल्या आहेत! सरकार कायद्यानुसार वागते आहे असे गृहीत धरून पुढे जायचे, हे तत्त्व न्यायालयांनी आपल्या निकालांतही मान्य केलेले आहे. खासगी पक्षकाराला जे पुराव्याने सिद्ध करावे लागते, ते सरकारला नुसत्या निवेदनावर मिळते. ही मोठी सवलत आहे. ती कायद्यात लिहिलेली नाही, सरकारी वकिलांच्या पिढ्यांनी खरे बोलून ती कमावली आहे. आज जे झिजते आहे ते हेच.

१५ मार्च २०२५, शनिवार. १७९८ चा परकीय शत्रू कायदा तोवर फक्त तीन युद्धांत वापरला गेला होता: १८१२ चे युद्ध आणि दोन महायुद्धे. सरकारने तो व्हेनेझुएलाच्या एका टोळीविरुद्ध पुकारला आणि कोठडीतल्या माणसांना एल साल्वाडोरच्या तुरुंगात धाडायची तयारी केली. वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी संध्याकाळी तातडीची सुनावणी घेतली. विमाने निघणार आहेत का, या प्रश्नावर सरकारी वकिलाने आपल्याकडे माहिती नाही असे सांगितले. थोड्या विश्रांतीनंतर न्यायाधीशांनी तोंडी हुकूम दिला की विमाने हवेत असतील तर माघारी आणा. लेखी हुकूम पाऊण तासाने निघाला. विमाने माघारी आली नाहीत. दोनशेहून अधिक माणसे त्या तुरुंगात पोचली. नंतर सरकारचा युक्तिवाद असा की तोंडी हुकूम बंधनकारक नव्हता, लेखी हुकुमात विमाने परत आणायचा उल्लेख नव्हता, आणि तोवर ती अमेरिकेच्या हद्दीबाहेर होती. 'आम्ही हुकूम मोडला' असे सरकार आजही म्हणत नाही. बोसबर्ग यांना महाभियोग लावा अशी मागणी राष्ट्राध्यक्षांनी केली, तेव्हा सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांना निवेदन काढावे लागले: निकाल पटला नाही म्हणून महाभियोग लावायचा नसतो, त्यासाठी अपील असते. अवमानाची चौकशी एप्रिलमध्ये सुरू झाली आणि त्यानंतर अपिलांच्या फेऱ्यांत महिनोन्महिने अडकली.

त्याच विमानांत मेरीलँडचा एक रहिवासी होता. त्याला एल साल्वाडोरला पाठवायचे नाही असा इमिग्रेशन न्यायाधीशाचा हुकूम २०१९ पासून होता. सुनावणीत सरकारी वकिलाने खरे ते सांगितले: त्याला पाठवायला नको होते, चूक झाली. त्या वकिलाला आधी रजेवर धाडले आणि मग काढून टाकले. पुढे त्याने लेखी तक्रार केली. खात्यातले वरिष्ठ अधिकारी एमिल बोव्ह यांनी बैठकीत न्यायालयाचे हुकूम झुगारण्याची भाषा केली होती, असा त्याचा आरोप आहे. बोव्ह यांनी सिनेटपुढे तो नाकारला. जुलै २०२५ मध्ये सिनेटने ५० विरुद्ध ४९ मतांनी बोव्ह यांना अपील न्यायालयाचे न्यायाधीश केले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० एप्रिलला न्यायालयाने सांगितले की त्या माणसाच्या सुटकेसाठी सरकारने साहाय्य करावे. सरकारने याचा अर्थ लावला: तो स्वतःहून विमानतळावर आला तर आम्ही दार अडवणार नाही. अपील न्यायालयाचे हार्वी विल्किन्सन हे रेगन यांनी नेमलेले, पक्के परंपरावादी न्यायाधीश. त्यांनी आठवड्याभरात जो निकाल लिहिला तो मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या वकिलाला वाचायला देते. माणूस देशाबाहेर गेला की आता आमच्या हातात काही नाही, असे सरकार म्हणू लागले तर उद्या हे कोणाच्याही बाबतीत करता येईल, हे त्यात फार शांतपणे मांडले आहे. जूनमध्ये तो माणूस परत आला, पण टेनेसीत नवा फौजदारी खटला अंगावर घेऊन.

न्याय खात्यात बसलेल्या तिशीतल्या वकिलाने यातून काय शिकायचे? खरे बोललास तर नोकरी जाते. मग तो खोटे बोलेल असे नाही. तो म्हणेल, "महोदय, माझ्याकडे माहिती नाही." हे वाक्य हल्ली सुनावण्यांत इतके ऐकू येते की न्यायाधीशांचा आवाज चढतो. वकिलाच्या शब्दावर विसंबणे सोडून ते आता नावासकट अधिकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र मागतात, अधिकाऱ्याला पिंजऱ्यात बोलावतात, दररोज लेखी अहवाल मागतात. जानेवारी २०२६ मध्ये मिनेसोटाचे मुख्य जिल्हा न्यायाधीश पॅट्रिक शिल्ट्झ यांनी इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याच्या प्रमुखालाच हजर राहायला सांगितले, आणि ७४ प्रकरणांत ९६ हुकूम मोडल्याची यादी पुढच्या हुकुमाला जोडली. शिल्ट्झ यांना धाकट्या बुश यांनी नेमले आहे. हे डाव्या न्यायाधीशांचे कारस्थान आहे असे सांगणाऱ्यांनी हे तपशील जरूर बघावेत.

माझ्या रोजच्या कामात याचा परिणाम असा. हेबियसचा अर्ज माणूस ज्या जिल्ह्यात कोठडीत आहे तिथेच करावा लागतो. त्याला न्यू जर्सीत पकडले आणि रात्रीत टेक्सासला किंवा लुइझियानाला हलवले तर अर्जही तिकडचा, न्यायाधीश तिकडचे, वकीलही तिकडचा शोधायचा. पूर्वी मी सरकारी वकिलाला फोन करायचे, तो म्हणायचा, "उद्यापर्यंत हलवू देत नाही, तुम्ही अर्ज तयार करा." आता मी फोन करत नाही. आधी अर्ज दाखल करते, मग श्वास घेते. देशभर वकील हेच करू लागले आणि न्यायालयांवर अर्जांचा पूर आला. विश्वास संपला की कागद वाढतो, आणि ज्याच्याकडे वकील नाही त्याचा कागदच तयार होत नाही.

न्याय खात्याचे स्वातंत्र्य ही याचीच दुसरी बाजू. कोणावर खटला भरायचा हे व्हाइट हाउसने ठरवायचे नाही, असा कायदा नाही. वॉटरगेटनंतर पडलेला तो संकेत आहे. २० ऑक्टोबर १९७३ च्या रात्री निक्सन यांनी वॉटरगेटची चौकशी करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढायला सांगितले. ॲटर्नी जनरल रिचर्डसन यांनी त्याऐवजी राजीनामा दिला, त्यांच्या खालचे रकल्सहाउसही गेले, तिसऱ्या क्रमांकाच्या बोर्क यांनी हुकूम बजावला. देश पेटला. फोर्ड यांच्या काळात ॲटर्नी जनरल एडवर्ड लेव्ही यांनी खात्याची घडी पुन्हा बसवली आणि पुढच्या दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी, कमी-जास्त प्रमाणात, ती सांभाळली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांवरचा भ्रष्टाचाराचा खटला मागे घ्यायचा हुकूम वरून आला. तिथल्या प्रभारी अभियोक्ता डॅनिएल ससून यांनी नकार देऊन राजीनामा दिला. त्या पूर्वी सर्वोच्च न्यायालयात न्या. स्कालिया यांच्याकडे काम केलेल्या, म्हणजे उदारमतवादी गोटातल्या नव्हेतच. त्यांच्यासह अर्धा डझनाहून अधिक वकील बाहेर पडले. १९७३ मध्ये दोन राजीनाम्यांनी राष्ट्राध्यक्ष हादरला होता. या वेळी बातमी आठवडाभर चालली. न्यायाधीश डेल हो यांनी एप्रिलमध्ये खटला कायमचा रद्द केला, पुन्हा कधीच भरता येणार नाही असा. सरकारला तो पुन्हा भरण्याची मुभा ठेवून मागे घ्यायचा होता. म्हणजे महापौरांच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली असती. हो यांनी या सगळ्याला सौद्याचा वास येतो असे सरळ लिहिले.

सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी समाजमाध्यमावर ॲटर्नी जनरलना उद्देशून जाहीर लिहिले की एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी, न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स वगैरेंवर कारवाई का होत नाही. त्याच सुमारास व्हर्जिनियातला अभियोक्ता बाहेर पडला आणि त्याच्या जागी फौजदारी खटला कधीही न चालवलेल्या, ट्रम्प यांच्या माजी खासगी वकील लिंडसी हॅलिगन आल्या. २५ सप्टेंबरला कोमींवर आरोप ठेवले गेले. निक्सन यांना जे बंद दाराआड बोलावे लागले आणि टेपमुळे उघड झाले, ते इथे जगासमोर लिहिले गेले. आणि यात शिक्षेची भीती नाही, कारण १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६-३ मतांनी ठरवून ठेवले आहे की राष्ट्राध्यक्षाने न्याय खात्याशी केलेल्या चर्चेबद्दल त्याच्यावर फौजदारी खटला भरताच येत नाही. संकेत मोडला की कायदा आडवा येतो अशी आशा असते, इथे न्यायालयाने कायदाच वाटेतून दूर केला. माझ्या वकिलीच्या काळातला हा सर्वांत चुकीचा निकाल आहे असे मला वाटते.

पुढे जे झाले त्याने मात्र मला धीर आला. २४ नोव्हेंबरला न्यायाधीशांनी हॅलिगन यांची नेमणूकच बेकायदा ठरवून कोमी आणि जेम्स या दोघांवरचे खटले काढून टाकले. जेम्स यांच्यावर पुन्हा आरोप ठेवायचा प्रयत्न झाला तेव्हा डिसेंबरमध्ये दोन वेगवेगळ्या ग्रँड ज्युरींनी नकार दिला. ग्रँड ज्युरी म्हणजे १६ ते २३ सामान्य नागरिक, बंद खोली, समोर फक्त सरकारी वकील, आरोपीचा वकीलसुद्धा आत नाही. १२ मते पडली की आरोपपत्र. वकिलांच्या वर्तुळात तिला रबरी शिक्का म्हणून हसतात. त्या शिक्क्याने नाही म्हणावे, ही आमच्या धंद्यातली खरोखर अजब घटना आहे.

न्यायालयांनी नाही म्हणूनही काही उपयोग झाला नाही, याचेही एक उदाहरण. २४ जानेवारी २०२५ च्या रात्री सतराच्या आसपास महानिरीक्षक काढले गेले. खात्यांमधला भ्रष्टाचार शोधणारी ही पदे आहेत. त्यांना काढण्याआधी काँग्रेसला ३० दिवसांची नोटीस आणि कारणे द्यावीत असा कायदा आहे. ती दिली नाहीत. सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी म्हटले, कायदा मोडला हे उघड आहे, पण मी यांना परत नेमले तर राष्ट्राध्यक्ष नोटीस देऊन महिन्याने पुन्हा काढतील. म्हणून पुनर्नेमणूक नाही.

आता सर्वोच्च न्यायालयाचा २७ जून २०२५ चा निकाल. एका जिल्हा न्यायाधीशाने देशभर लागू होणारा मनाई हुकूम काढू नये, असे त्यात ठरले. भारतातल्या काही लेखांत याला लोकशाहीचा अंत म्हटले गेले. मला ते पटत नाही. बायडेन यांच्या काळात त्यांचे विरोधक टेक्सासमधला एकच न्यायाधीश गाठून देशभरचे धोरण अडवायचे, तेव्हा आज या निकालावर टीका करणाऱ्यांचीच तक्रार उलट होती. शिवाय सामूहिक दाव्याची (सारख्या स्थितीतल्या सगळ्यांच्या वतीने एकच दावा) वाट मोकळी राहिली आणि दोन आठवड्यांत न्यू हॅम्पशायरमध्ये ती वापरलीही गेली.

तो खटला जन्मसिद्ध नागरिकत्वाचा होता आणि त्याचा संबंध पुण्या-नाशिकहून आलेल्या शेकडो घरांशी आहे. २० जानेवारी २०२५ चा तो आदेश फक्त कागदपत्रे नसलेल्यांपुरता नव्हता. आई एच-वन-बी व्हिसावर किंवा त्याच्या आधाराने जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर कायदेशीर राहत असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, तर इथे जन्मलेले मूल नागरिक नाही, असे त्यात म्हटले होते. इथे जन्मलेल्याला नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ ची, तिचा तसा अर्थ लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा वाँग किम आर्क निकाल १८९८ चा, आणि सव्वाशे वर्षे यावर फारसा वाद नव्हता. सिएटलचे न्यायाधीश कॉफेनोर, हेही रेगन यांनी नेमलेले, तीन दिवसांत म्हणाले की हे उघडउघड घटनाबाह्य आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीला घेतले. ज्यांच्या घरी बाळ येणार होते ते मला विचारायचे की प्रसूती भारतात करू का. माझे सांगणे एकच: बाळाच्या जन्मदाखल्याबरोबर त्या तारखेला आईवडील कायदेशीर वास्तव्यात होते याचे कागद, आय-७९७ (व्हिसा अर्ज मंजुरीची नोटीस) आणि आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद), एकत्र जपून ठेवा, आणि पासपोर्टचा अर्ज लांबवू नका.

काँग्रेसबद्दल थोडक्यात, कारण तिथे सांगण्यासारखे घडतच नाही. घटनेत खरा तोल तिचा आहे. पैसा ती मंजूर करते आणि मंजूर पैसा राष्ट्राध्यक्षाने अडवून ठेवू नये म्हणून १९७४ चा कायदाही तिनेच केला. ऑगस्ट २०२५ मध्ये आर्थिक वर्ष संपत आले असताना परदेशी मदतीचे ४९० कोटी डॉलर अडवले गेले, तेव्हा तिने काही केले नाही. महाभियोगात दोषी ठरवायला सिनेटची दोन तृतीयांश मते लागतात आणि आजवर एकही राष्ट्राध्यक्ष त्यातून पदावरून गेलेला नाही. स्वतःचा अधिकार जातो आहे हे पाहून ज्यांना राग यायला हवा, त्यांना तो येत नाही. न्यायालयांवर सगळा भार पडला आहे तो यामुळे.

हे सगळे ट्रम्प यांच्यापासून सुरू झाले का? नाही. दोनच कार्यकाळांचा वॉशिंग्टन यांच्यापासूनचा संकेत रूझवेल्ट यांनी १९४० मध्ये मोडला, मग १९५१ मध्ये बावीसावी दुरुस्ती झाली. बुश यांच्या वकिलांनी छळाला कायदेशीर ठरवणारी टिपणे लिहिली. ओबामांनी २०११ मध्ये काँग्रेसला न विचारता लिबियावर बॉम्ब टाकले. बायडेन यांनी आपल्या मुलाला, आणि जाता जाता भावंडांनाही माफी दिली, त्याचे समर्थन मी करू शकत नाही. पण विद्यार्थी कर्जमाफी न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केली तेव्हा बायडेन यांनी ती थांबवून दुसरे कायदे शोधले. अधिकाराची हद्द ताणणे आणि हद्द आखणाऱ्याकडे दुर्लक्ष करणे यांत फरक आहे. ६ जानेवारी २०२१ च्या हल्ल्यातल्या सुमारे १५०० जणांना पहिल्याच दिवशी माफी देणे मी कशातच बसवू शकत नाही.

आमच्या धंद्याने या काळात कसे वागावे, यावरही बोलायला हवे. मार्च २०२५ पासून काही मोठ्या लॉ फर्मवर राष्ट्राध्यक्षांचे आदेश निघाले, कारण त्यांनी नको ते अशील घेतले होते किंवा नको ते वकील ठेवले होते. सरकारी इमारतींत प्रवेश बंद, अशिलांची सरकारी कंत्राटे धोक्यात. चार फर्म न्यायालयात गेल्या: पर्किन्स कुई, जेनर अँड ब्लॉक, विल्मरहेल, सझमन गॉडफ्री. चारही जिल्हा न्यायालयांत जिंकल्या. नऊ फर्मनी तडजोड केली आणि मिळून सुमारे ९४ कोटी डॉलरची फुकट कामे सरकारला रुचतील अशा कारणांसाठी देऊ केली. लढला असता तर जिंकला असता, हे ज्यांना सर्वांत आधी कळायला हवे तेच वाकले. माझ्यासारख्या छोट्या वकिलांना मोठ्या फर्मकडून पूर्वी मदतीला तरुण वकील मिळायचे. आता 'बघतो' म्हणतात आणि फोन येत नाही.

ज्यांना बातम्यांवर न विसंबता स्वतः बघायचे आहे त्यांच्यासाठी: फेडरल न्यायालयांचे कागद सार्वजनिक असतात. सरकारी पेसर यंत्रणेत पानाला दहा सेंट पडतात, पण गाजलेल्या खटल्यांचे बहुतेक कागद कोर्टलिसनरवर फुकट मिळतात. निकालाच्या पानांवर वेळ घालवू नका, त्याची बातमी येतेच. हुकुमानंतर सरकारने दाखल केलेले अनुपालन अहवाल उघडा. खाली सही कोणाची आहे ते बघा: खात्यातल्या जुन्या वकिलाची, की त्याचे नाव मागच्या महिन्यात गळाले आणि आता नवेच कोणी आले आहे. प्रतिज्ञापत्र प्रत्यक्ष माहिती असलेल्या अधिकाऱ्याचे आहे, की 'मला असे सांगण्यात आले' म्हणणाऱ्याचे. आणि मग त्यावर न्यायाधीशांचा पुढचा हुकूम किती दिवसांनी आला ते मोजा.